इम्पालाचा मोतीबिंदू

१

“ताई, गाडी आंधळी झाली,” कलाबाई फोनवर म्हणाली.

मी चहा ओतत होते. समोर किशोरराव, म्हणजे आमचे यजमान, टेबलावर पेपर पसरून त्यावर वाकून बसले होते. हल्ली त्यांना पेपर हातात धरून वाचायचा कंटाळा येतो. चहाही अर्धाच कप लागतो. निवृत्त माणसाचे चोचले, दुसरं काय, म्हणून मी तिकडे फारसं बघत नाही.

“कुठली गाडी, कलाबाई?”

“ह्यांची. काळी. तुम्ही या ताई. मला काय सुचत नाय.” आणि फोन बंद.

मी किटली खाली ठेवली, कारण काळी गाडी म्हणजे कुठली ते मला चांगलंच ठाऊक होतं. भिमाजी यादव तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि देवळाली कॅम्पातच राहिले. त्यांना नाद एकच, जुन्या अमेरिकन गाड्यांची मॉडेलं करायचा. बाहेरून किट मागवायचं, प्लास्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, घासायचा, रंगवायचा, चिमट्याने जागेवर बसवायचा. वीतभर गाडी, पण तिला आरसे, वायपर, सगळं. किशोररावांना हे वेड त्यांनीच लावलं. मी दोघांना नेहमी म्हणायचे, म्हातारपणी खेळण्यांत रमलात, आता पाळणा तेवढा बांधायचा राहिलाय.

भिमाजी गेल्या दिवाळीनंतर गेले. जायच्या आधी त्यांनी शेवटची गाडी पुरी केली होती, एकोणसाठ सालची काळी शेवरोले इम्पाला, मागे पंख पसरलेली. तसली खरी गाडी एकेकाळी देवळालीत एका सॅनेटोरियमच्या शेटजींकडे होती. नवी नवरी कलाबाई नामपूरहून आली तेव्हा स्टेशनवर टांगा मिळेना. शेटजींच्या ड्रायव्हरने दोघांना मागच्या सीटवर बसवून घरापर्यंत सोडलं. कलाबाई त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसली. किटमध्ये स्टेअरिंग डावीकडे येतं, भिमाजींनी ते कापून उजवीकडे आणलं. मागच्या सीटला कलाबाईच्या लग्नातल्या शालूचा नखाएवढा तुकडा लावला. ती रोज सकाळी देवाला फूल वाहायची आणि मग मागच्या काचेतून तो तुकडा बघायची.

“चला, निघू या,” मी म्हटलं.

किशोररावांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. “तू जा. माझा गुडघा धरलाय.”

काल संध्याकाळीच आम्ही दोघं कलाबाईकडे होतो आणि ह्यांचा गुडघा जिना धडाधड चढला होता. पण घाईत कोण वाद घालतो. मी स्कूटर काढली आणि नाशिकरोडहून देवळालीचा रस्ता धरला.

२

पोचले ती सरळ भिमाजींच्या कामाच्या खोलीत, गाडीपाशी गेले.

पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत ती नेहमीच्या जागी उभी होती. पुढची काच, मागची काच, खिडक्या, सगळं पांढरं फट्ट. मोतीबिंदू झाल्यासारखं. पुढच्या काचेशेजारी छताला धरणारा बारीक खांब मोडून पुन्हा चिकटवलेला दिसत होता, आणि त्याच्या आजूबाजूच्या काळ्या रंगावरही पांढरी पूड बसली होती. आतलं काही दिसत नव्हतं. शालूचा तुकडा तर नाहीच नाही.

बाजूला कलाबाईची पिशवी भरून तयार होती. “मी चालले नामपूरला, भावाकडं,” ती म्हणाली. मग सुनेकडे बघून आवाज चढवला. “आते मनं आठे काय शे?”

कलाबाई एरवी आमच्याशी सरळ मराठी बोलते. ती अहिराणीवर आली की समजावं, घाव खोल बसलाय. आता माझं इथे काय उरलंय, असं विचारत होती ती, आणि विचारत होती स्नेहलला.

स्नेहल, कलाबाईची सून, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले. घरच्या घरी मेंदी काढते, बायकांना नकली नखं लावून देते. गिऱ्हाईक वाढलं म्हणून तिने गेल्याच आठवड्यात भिमाजींची कामाची खोली मागितली होती आणि घरात महाभारत झालं होतं. नवरा महेश दोघींच्या मध्ये खांबासारखा उभा.

“आईंनी ठरवूनच टाकलंय मावशी,” स्नेहल मला म्हणाली. “मी सूड घेतला म्हणे. आई आज ह्या घरातून गेल्या तर कॅम्पभर हेच होईल की सुनेने सासूला हाकललं. मग मी तरी इथे कुठल्या तोंडाने राहू?”

तेवढ्यात लखन आला. नाशकात द्वारका चौकाजवळ गाड्या रंगवायचं त्याचं गॅरेज आहे, आणि भिमाजी, किशोरराव, लखन हीच ह्या छंदाची तिकडी. येत्या रविवारच्या प्रदर्शनात हीच इम्पाला मध्यभागी ठेवायची, असं काल इथेच बसून भजी खाताना ठरलं होतं. त्याने पेटीत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“वहिनी, हे सुपरग्लूचं काम. बंद जागेत त्याची वाफ उठते आणि काचेवर पांढरी बसते, मग काच गेली कामातून. आपल्यातला कोणी काचेजवळ सुपरग्लू उघडणारसुद्धा नाही. आपला गोंद वेगळा, तो प्लास्टिक विरघळवून जोडतो. पण लावला की तुकडा अजिबात न हलवता धरून बसायचं, हाताला मुंग्या येईपर्यंत. नवख्या माणसाला तेवढा दम कुठला? तो चटकन चिकटणारं बघतो.”

“म्हणजे घरातलंच कोणी,” महेश हळू आवाजात म्हणाला.

कलाबाई काही न बोलता उठली, दिवाणखान्याच्या फळीवरून एक ट्यूब घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवली. नकली नखं चिकटवायचा गोंद. वास घेतला, सुपरग्लूच. ट्यूब पिळून रिकामी केलेली होती.

३

माझी ओळख द्यायची राहिली. मी सविता क्षेमकल्याणी. बोटांच्या ठशांच्या खात्यात माझा उभा जन्म गेला. चोर मला तोंडावरून ओळखता येत नाही, अंगठ्यावरून येतो. आणि बाईमाणसावर पुराव्याआधी आळ घेतला की माझं डोकं फिरतं.

“कलाबाई, पिशवी खाली ठेवा,” मी म्हटलं. “नामपूरची एसटी पळून जात नाही. आधी मला एकेकाशी बोलू दे.”

स्नेहलला स्वयंपाकघरात गाठलं. तिने हात पुढे केले. लांब, गुलाबी, टोकदार नखं, दहाच्या दहा बोटांना.

“ट्यूब माझीच आहे. काल दुपारी गिऱ्हाईक झाल्यावर फळीवर ठेवली ती तशीच. तेव्हा अर्धी भरलेली होती. मी खोली मागितली मावशी, ती काही चोरी नाही. पण त्या गाडीला मी हात नाही लावला. बाबा मला मेंदीच्या कोनाला बारीक टोक कसं करायचं ते शिकवायचे.”

महेश ओसरीवर भेटला. “खरं सांगू? मला राग होता त्या गाड्यांचा. बाबा सुट्टीवर आले की खोलीत. माझ्या शाळेच्या गॅदरिंगला यायचे नाहीत. पण ते गेल्यावर गाडी फोडून मी कोणाला दाखवू?” मी पुढे विचारलं नाही.

लखनने गाडी आपल्या गॅरेजच्या शोकेसमध्ये ठेवायला मागितली होती, कलाबाईने नाही म्हटलं होतं. त्याने ते स्वतःहून कबूल केलं. “मागितली. वस्ताद माणसाचं काम चार लोकांनी बघावं म्हणून. पण मी केलं असतं तर असं केलं असतं का वहिनी? काचेची वाट लावून?”

“काल पेटी कोणी उघडली होती?” मी कलाबाईला विचारलं.

“कोणी नाय. मीच सगळ्यांना बोलले ना, आतला छोटा आरसा लटकाय लागलाय, प्रदर्शनाआधी कोणीतरी बघा. मग भज्यांच्या गडबडीत राहून गेलं. सगळे आत-बाहेर करत होते. सकाळी झाकणावरची धूळ पुसाय गेले तर हे.”

म्हणजे काल संध्याकाळी ह्या घरात असलेल्या प्रत्येकाला गाडीजवळ जायला कारण होतं. मी पुन्हा पेटीजवळ गेले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि पेटीच्या भिंतीवर तिरका उजेड टाकला. आतल्या बाजूने, मोडलेल्या खांबाच्या अगदी शेजारी, पांढरं काहीतरी उमटलेलं होतं.

मी पर्समधून भिंग काढलं. निवृत्त झाले तरी ते सुटलेलं नाही.

४

“लखन, तुमच्या धंद्यात ही पांढरी वाफ म्हणजे सत्यानाश,” मी म्हटलं. “आमच्या खात्यात आम्ही ती मुद्दाम करायचो. बंद कपाटात वस्तू ठेवायची, सुपरग्लू तापवायचा. वाफ नेमकी बोटांच्या घामावर जाऊन बसते आणि ठसा पांढरा होऊन वर येतो. ज्याने काल पेटीचं झाकण लावलं, त्याने स्वतःच आमचं कपाट तयार केलं.”

लखन एक पाऊल मागे सरकला.

अंगठा होता. भिंतीला टेकवून कोणीतरी हाताला आधार घेतला होता. पण ठसा विचित्र होता, एकाच अंगठ्याचे ठसे एकावर एक पडलेले, कडा फिसकटलेल्या. घाबरलेल्या माणसाचा हात, मी मनात म्हटलं. रेषा मात्र मधोमध कळत होत्या. आपण ज्याला चक्र म्हणतो, तसं गोल फिरलेलं.

मी स्टीलच्या ताटल्या मागवल्या, प्रत्येकाला दोन्ही अंगठे दाबायला सांगितले आणि वर स्नेहलच्या डब्यातली पावडर भुरभुरली. कलाबाईच्या दोन्ही अंगठ्यांवर शंख. महेशच्याही शंख, आईवर गेलेला. लखनची तर ताटली जवळजवळ कोरी राहिली. आयुष्यभर पॉलिशपेपर आणि थिनर, रेषा राहिल्यात कुठे.

“रेशनच्या मशीनवर पण माझा अंगठा लागत नाही,” तो म्हणाला.

स्नेहलच्या अंगठ्यावर चक्र निघालं.

कलाबाईने डोळे मिटून घेतले. महेश खुर्चीत बसला. स्नेहल माझ्याकडे बघत राहिली.

“थांबा,” मी म्हटलं. “घाई करू नका. स्नेहल, तुझा अंगठा सरळ ह्या भिंतीवर टेकव बघू.”

तिने टेकवला. आधी नखच टेकलं. बोटाचा शेंडा भिंतीला लागेचना, लागला तो खालचा फुगीर भाग. पेटीतल्या ठशात मात्र शेंडा पुरता उमटला होता, अगदी नखाच्या कडेपर्यंत.

“हिची नखं काल संध्याकाळीही अशीच होती, मीच बघितली,” लखन म्हणाला. “मग वहिनी, हा आहे कोण?”

माझं भिंग आता मोडलेल्या खांबावर होतं. जोड वेडावाकडा नव्हता. मोडलेल्या जागेवरचा जुना रंग पात्याने खरवडलेला, कडा घासून सपाट केलेली, मग चिकटवलेलं. हे नवख्याचं काम नव्हतं. जाणत्या माणसाने सगळी तयारी शिस्तीत केली होती आणि शेवटी गोंद मात्र अडाण्याचा वापरला होता.

हे कोडं काही सुटेना. जाणता माणूस असं का करेल? त्याला आपला नेहमीचा गोंद का नको?

भिंग पुन्हा ठशावर आणलं. चक्राच्या डाव्या अंगाला एक बारीक तिरकी रेघ होती, रेषा कापत गेलेली. जुन्या जखमेचा वण.

तो वण मी ओळखत होते. लग्नानंतर नवीनच नोकरी होती माझी, सरावाला ठसे लागायचे, तेव्हा घरातल्या घरात एकाच माणसाचे हात काळे केले होते मी. कितीदा तरी.

५

मी भिमाजींच्या स्टुलावर बसले.

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली, आणि प्रत्येक गोष्टीने मला थोबाडीत मारली. अर्धा कप चहा, कारण भरलेला कप सांडतो. टेबलावर पसरलेला पेपर, कारण हातात धरला की तो थरथरतो. उन्हाळ्यापासून वाढवलेली दाढी. “शोभते का मला?” म्हणून विचारलं होतं आणि मी हसले होते. बटणाचे शर्ट जाऊन आलेले टी-शर्ट. फिरायला जाताना उजवा हात कायम खिशात. ठसे एकावर एक पडले होते ते भीतीने नव्हे. तो हात सारखाच हलत होता.

तुकडा अजिबात न हलवता धरून बसायचं, असं लखन मघाशी म्हणाला होता. ज्याला धरताच येत नाही, तो माणूस सुपरग्लू घेतो. काचेचं काय होईल ते पुरतं ठाऊक असूनही घेतो.

हात हाच माझा विषय. सगळ्या जिल्ह्याचे हात मी वाचले, आणि घरातला वाचला नाही.

मी फोन लावला. “अहो, गुडघा असेल तसा घेऊन या. रिक्षाने या.”

“सविता, मी...”

“या.”

ते येईपर्यंत मी कोणालाही काही सांगितलं नाही. कलाबाईने दोनदा विचारलं. मी पाणी मागितलं. माझ्या मनात राग होता, आणि रागाच्या खाली काय होतं ते मला बघायचं नव्हतं.

किशोरराव दारात आले. उजवा हात खिशात. त्यांनी भरलेली पिशवी बघितली, सुजलेल्या डोळ्यांची स्नेहल बघितली, आणि उंबऱ्यावरच थांबले.

“हात दाखवा,” मी म्हटलं.

“सविता, घरी बोलू.”

“इथंच. ही पोरगी सकाळपासून तुमच्या जागी उभी आहे. हात दाखवा.”

त्यांनी हात बाहेर काढला. उजेडात धरला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सारखी घासली जात होती, चिमटीतून मीठ सोडावं तशी, आणि ते थांबवायचा प्रयत्न करत होते तरी थांबत नव्हती.

लखन खाली बसला. “किशोरभाऊ,” एवढंच म्हणाला.

६

“आरसा बसवायला घेतला होता,” किशोरराव म्हणाले. “भिमाजीच्या गाडीला परक्याचा हात नको म्हणून. उचलली आणि हात उडाला. पडली. खांब मोडला. आपला गोंद लावून धरायचा प्रयत्न केला, पण तुकडा जागेवर राहीना. तेवढ्यात बाहेरून तुम्ही भज्यांसाठी हाका मारत होतात. फळीवर ती ट्यूब दिसली.”

“आणि सकाळी फोन आला तेव्हा?” मी विचारलं.

“सांगणार होतो.”

“कधी? सुनेवर आळ येऊन घर मोडल्यावर?”

“तिच्यावर आलंय हे मला माहीत नव्हतं. पण गाडीबद्दलही बोललो नाही, तेही खरं.” ते स्नेहलकडे वळले. “पोरी, चुकलं माझं.”

“डॉक्टरकडे गेला होतात?”

“नाही. गेलो की ते त्याचं नाव सांगतील. नाव नव्हतं तोवर मला वाटायचं, जाईल आपोआप.”

मला भांडायचं होतं. पण मी फक्त स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

कलाबाई उठली. किशोररावांपाशी गेली आणि तो थरथरता हात तिने आपल्या दोन्ही हातांत धरला. “ह्यांनी जाताना मला काय सांगितलं माहितीये का? म्हणले, गाडीचं काय झालं तर किशोरला सांग, तो करंल. भाऊ, मला सांगायचं होतं ना. गाडीपरीस मोठं काय होतं हे?”

मग ती वळली. सुनेसमोर उभी राहिली. सासूने सुनेची माफी मागायची रीत आपल्याकडे नाही. शेवटी तिने पिशवीतून साड्या काढून पलंगावर ठेवल्या, एकेक करून, स्नेहलच्या देखत.

“मी लय वाईट बोलले तुला,” ती म्हणाली.

स्नेहलने डोळे पुसले. “काका, काच साफ होते का हो?”

“होते. सुपरग्लूचा जोड टिचकीने सुटतो. वरचं अंग खालून सोडवायचं, काचा काढायच्या आणि टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासायच्या. पण हात स्थिर लागतो. लखनचा ब्रशला चालतो, एवढ्या बारकाव्याला नाही.”

“मेंदीच्या कोनाला चालतो तसा?”

किशोरराव तिच्याकडे बघतच राहिले. “तसाच.”

तिने त्या गुलाबी नखांची वाट लावली, दहाही कापून टाकली. भिमाजींच्या स्टुलावर बसली. किशोरराव मागे उभे राहून सांगत गेले, आता डावीकडे, आता हळू, आता फिरवू नकोस, आणि ती घासत गेली. महेशने दिवा धरला. खांब तिने त्यांच्या नेहमीच्या गोंदाने बसवला आणि श्वास रोखून धरून ठेवला, ते “सोड” म्हणेपर्यंत.

दुपारी मागची काच जागेवर बसली. कलाबाई वाकली, एक डोळा मिटून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

“दिसतोय शालू,” ती म्हणाली. मग मान न वळवता, “खोलीचं उद्या बघू, स्नेहल. आधी ह्यांचं सामान कुठं मावतंय ते बघाय पाहिजे.”

घरी येताना स्कूटरवर किशोरराव मागे बसले होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. सगळा रस्ता तो हात हलताना मला कळत होता. आजवर हा खड्ड्यांचा दोष आहे असं मी धरून चालले होते.

घरी आल्यावर उद्याची डॉक्टरांची वेळ घेतली. मग चहा टाकला, दोन कप मांडले आणि त्यांचा अर्धा भरला. माझाही अर्धाच भरला.

“तुला का अर्धा?” त्यांनी विचारलं.

“संपला की पुन्हा ओतीन,” मी म्हटलं. “दोघांनाही.”